टाळूला चिकटलेला प्रसाद

फादर जोजय्यांचा हात वर आला होता. सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दोन बोटांत धरलेला पांढरा, पातळ प्रसाद लेकीच्या ओठांपासून वीतभर अंतरावर आला, तिथं अडला आणि आल्या वाटेनं सोनेरी पेल्यात परत गेला. मग तोच हात रिकामा होऊन पुन्हा उठला आणि प्रियदर्शिनीच्या डोक्यावर टेकला. ज्यांचं पहिलं कम्युनियन अजून झालेलं नाही, प्रसाद घ्यायचं वय नाही, अशी शेंबडी पोरं आयांच्या मागं मागं रांगेत येतात, त्यांच्या डोक्यावर टेकवतात ना, अगदी तसा. बेचाळीस वर्षांची बाई, महापालिकेत निवडून गेलेली, आणि तिला पोरांचा आशीर्वाद! गाणाऱ्या पोरींचा सूर मध्येच ढळला. प्रियदर्शिनी हसली, खांबाखांबावर तिचे फोटो लागतात त्यांतलं हसू. हात जोडून ती बाजूला झाली आणि सावित्रीबाई फादरांच्या समोर आल्या. आता काहीतरी करायला हवं होतं. पाठ फिरवायला हवी होती, नाहीतर तिथंच चार शब्द सुनवायला हवे होते. पदराआड गप्प बसणाऱ्यांतल्या त्या कधीच नव्हत्या, साऱ्या जामबाग मोहल्ल्याला ते ठाऊक होतं. "क्रीस्तु शरीरमु," फादर तेलुगूत म्हणाले, ख्रिस्ताचं शरीर. आणि सावित्रीबाईंची जीभ आपसूक बाहेर आली, आचळ दिसलेल्या वासरासारखी. "आमेन"सुद्धा म्हणून झालं. प्रसाद जिभेवरून आत गेला आणि कोरड्या तोंडात टाळूला जाऊन चिकटला.

गाडीत बसेपर्यंत तो सुटला नव्हता. आता चर्चात लोक प्रसाद हातावर घेतात आणि बिस्किटासारखा कुडुमकुडुम चावून बाहेर येता येता चपलांच्या गोष्टी करतात. सावित्रीबाईंचं तसं नव्हतं. गोदाकाठच्या त्यांच्या गावात घोडीवरून येणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्या फादरनं त्यांना शिकवलं होतं, की प्रभूला दात लावायचा नाही, तो विरघळेपर्यंत पाणी प्यायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. एका पोरीनं चावला तर तिच्या तोंडातून रक्ताची धार लागली, असं तो सांगायचा. शाळा दुसरीतच सुटली, बाराखडी अर्धी राहिली, पण ही गोष्ट राहिली. त्यामुळं कोठीच्या चौकात रविवारची जुनी पुस्तकं फुटपाथभर पसरलेली, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली, आणि सावित्रीबाई मागच्या सीटवर ओठ मिटून जिभेच्या टोकानं टाळू चाचपत बसलेल्या. "बघितलंस?" प्रियदर्शिनी आरशातून म्हणाली. "सगळ्यांच्या देखत. एकदा फोन करून सांगितलं असतं, येऊ नका, तर मी काय धरणं धरणार होते?" सावित्रीबाई बोलल्या नाहीत. "बोल की. एरवी कोथिंबीरवाल्याला सोडत नाहीस. शिव्या दे. मला दे, नाहीतर त्यांना दे. कुणाला तरी दे, आई." जिभेखाली शिव्यांची चळत तयार होती, दोघांसाठीही होती, पण वर टाळूला प्रभू चिकटलेला. बाईंनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. एवढं घडूनही त्या गप्प होत्या आणि त्याचा अर्थ लेकीनं तिच्या परीनं लावला. जामबागेच्या गल्लीतोंडाशी गाडी थांबवून ती म्हणाली, "समजलं. मी वळून पाहिलं होतं. तू घेतलास." आवाज भाषणाचा नव्हता, बारीक होता. "पुढच्या रविवारी मी परत त्याच रांगेत उभी राहणार आहे. तू माझ्या पुढं राहा, मागं राहा, नाहीतर घरी राहा. मला काय ते कळेल."

जिना चढताना गुडघे बोलले, बाई बोलल्या नाहीत. शिल्पानं, सुनेनं, पाण्याचा तांब्या पुढं केला तो त्यांनी हातानंच बाजूला सारला. शिल्पा पुण्याची, लग्नाआधी तिचा बाप्तिस्मा झाला तरी ती अजून चर्चातल्या उपासनेला, मिस्सेला, पाहुण्यासारखी बसायची. "तब्येत बरी नाही का आई?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन नवऱ्याला, विकासला, म्हणाली, "काहीतरी झालंय, त्या ओरडत नाहीयेत." येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखालच्या खुर्चीत सावित्रीबाई बसून राहिल्या. झालं होतं ते मागच्याच महिन्यात. विकासनं पेपरातली बातमी वाचून दाखवली होती: नगरसेविका प्रियदर्शिनी साळवे यांनी सभागृहात मागणी केली, की बस्ती दवाखान्यांत गर्भपाताची सोय करा, बाईला नवऱ्याची सही मागू नका, तिचं लग्न झालंय का हेही विचारू नका. शेजारी फोटो, बोट उगारलेला. त्या दिवशी बाईंच्या तोंडात काही नव्हतं. त्या बोलल्या. पोट पाडणं म्हणजे पाडणंच, त्याला सरकारी चुना फासला म्हणून ते पुण्य होत नाही, असं बोलल्या. आणि लेक जेवायला आली तेव्हा तिचं ताट वाढता वाढता म्हणाल्या, "स्वतःचा पाळणा हलला नाही जन्मात, आणि निघाली दुसऱ्यांच्या पोटाचे कायदे करायला." विकासनं मान खाली घातली. प्रियदर्शिनीनं भाकरी मोडली, कालवणात बुडवली, खाल्ली नाही. "पाळणा नाही हलला," ती म्हणाली, "पण ती पोरगी गाडीत माझ्याच मांडीवर होती, आई. तू कव्हर बघितलंस."

कव्हर बघितलं होतं. दिलसुखनगरच्या एका लेडीज हॉस्टेलात कोचिंग क्लासला आलेली नलगोंड्याकडची पोरगी. कुठल्याशा मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या, कुणाला सांगायची सोय नाही, मोरीत पडून राहिली. मैत्रिणींना दुसरं काही सुचेना तर खांबावरच्या पोस्टरवरून नगरसेविकेचा नंबर लावला. दवाखान्याच्या दारात गाडी पोचली तेव्हा पोरगी गार झालेली होती. गाडीच्या सीटचं कव्हर प्रियदर्शिनीनं आईच्या गच्चीवर आणून धुतलं. स्वतःच्या घरी का नाही धुतलं, हे बाईंनी विचारलं नाही. लिंबू चोळलं, मीठ चोळलं, उन्हात टाकलं. डाग जाईना, नुसता पिवळा होऊन पसरत गेला. बाई पापड वाळत घालायला जायच्या तेव्हा त्या कव्हराकडं पाठ करून बसायच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोरीनं पाप केलं, पापाची फळं भोगली. पण हे म्हणणं त्या गच्चीवर कधी मोठ्यानं म्हणाल्या नव्हत्या. कारण रक्त वाळलं की त्याचा जो लोखंडी वास येतो तो त्यांना ठाऊक होता, आणि तो वास नाकात शिरला की गच्ची राहायची नाही, जामबाग राहायची नाही. शेणानं सारवलेली खोली यायची, कोपऱ्यात विझत आलेली शेगडी, आणि सासू दाराशी उभी राहून म्हणतेय, फादरला बोलवायला माणूस धाडलाय, तोवर जीव धरू दे लेकराला.

धरला नाही. सहाव्या महिन्यातच आलेली पोर, मुठीएवढं डोकं, नखं मात्र होती. ती नखं सावित्रीबाईंनी बघितली होती. सुईण म्हणाली श्वास घेतला, सासू म्हणाली घेतला नाही. घेतला असता तर घरातल्या कुणीही डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा दिला असता. चालतं तसं, प्रत्येक ख्रिस्ती बाईला ते येतं. पण त्या दोघी भांडत राहिल्या आणि तांब्या भरलेला तसाच राहिला. घोडी आली तोवर ऊन कलंडलं होतं. गोरा फादर दारातच थांबला. वाईट माणूस नव्हता तो, दुष्काळात त्यानं गावाला मिलो जोंधळा खाऊ घातला होता. त्यानं चांगल्या मराठीत विचारलं, "बाप्तिस्मा झाला?" मग मान हलवली. बाप्तिस्मा नाही तर नाव नाही. नाव नाही तर घंटा नाही, मिस्सा नाही, दफनभूमीत जागा नाही. नवऱ्यानं, अंबाजीनं, आपला पटका सोडला, त्यात पोर गुंडाळली आणि दफनभूमीच्या भिंतीबाहेर, निवडुंगाच्या अंगाला, एकट्यानं खड्डा खणला. बाळंतिणीनं जायचं नसतं. सावित्री खोलीत पडून घंटेची वाट बघत होती, सतरा वर्षांची. वाजणार नाही हे सांगूनसुद्धा तिला वाटत होतं एखादा ठोका तरी वाजेल. छाती दुधानं तट्ट फुगली होती. सासूनं कोबीची पानं बांधली आणि म्हणाली, "रडू नको. ते मानूस नव्हतंच अजून."

टाळूवरचा प्रसाद सुटला. कधी, ते कळलं नाही. जिभेवर पिठूळ, बेचव काहीतरी राहिलं. "शिल्पा," त्या ओरडल्या, "पाणी आण. आणि ते कव्हर गच्चीवर अजून आहे का बघ."

संध्याकाळी फादर जोजय्या आपणहून आले. पस्तिशीचा, गुंटूरकडचा पोरगेला माणूस, पांढऱ्या झग्याऐवजी शर्टपँटमध्ये आणखीच लहान दिसणारा. "वंदनालु, अम्मा." सावित्रीबाईंनी खुर्ची पायानं पुढं सरकवली. "बैठो. कुर्सी कू काँटे नै हैं." फादर बसले. दोघांचं बोलणं नेहमी असल्याच मोडक्यातोडक्या हिंदीत चालायचं आणि त्यात जिंकायच्या नेहमी बाईच. "मेरे कू भी अच्छा नै लगा, अम्मा. हाथ रुक गया."

"रुक गया कायकू बोलते? रोके. हाथ तुम्हारा च है ना."

फादरांनी चहाची बशी खाली ठेवली. वरून सांगणं आलंय, ते म्हणाले. निवडणूक जवळ आलीय, मॅडम आमदारकीला उभ्या राहणार असं लोक बोलतात, एक कॅथलिक नेता गर्भपाताच्या बाजूनं उघड उघड बोलतो आणि रविवारी येऊन प्रसाद घेतो, हे पाहून साध्या माणसानं काय समजायचं? त्यांनी फक्त एक करावं. माझं चुकलं, एवढं चार लोकांत म्हणावं. मग पुढच्या रविवारी मी स्वतः त्यांना प्रसाद देईन. "तुमचं त्या ऐकतील, अम्मा. तुम्ही महिला मंडळाच्या मोठ्या. तुमची श्रद्धा तर मी सकाळीच पाहिली. मुलीला नाकारल्यावरही तुम्ही प्रभूला नाकारलं नाही."

ते स्तुती म्हणून बोलले. सावित्रीबाईंच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. सकाळपासून टाळूला जे चिकटलं होतं ते प्रसाद नव्हताच, हे होतं. "ती पापच बोलली," त्या सावकाश म्हणाल्या. "मी तिला तोंडावर सांगितलंय, तुमच्याआधी. पण मला एक सांगा फादर. पोटातलं माणूस कधीपासून?"

"पहिल्या क्षणापासून, अम्मा. देवाच्या नजरेत पहिल्या क्षणापासून पूर्ण माणूस."

"सहाव्या महिन्यात?"

"नक्कीच."

मग बाईंनी सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, म्हणून आत भाजी चिरणारी शिल्पा सुरी तशीच धरून दाराशी आली. पटका सांगितला, निवडुंग सांगितला, नखं सांगितली. फादरांचा चेहरा खरोखर उतरला. ते म्हणाले, तो काळ वेगळा होता, अम्मा. आता तशी शिकवण राहिलेली नाही. अशा बाळांना आम्ही देवाच्या दयेवर सोपवतो, त्यांच्यासाठी प्रार्थना आहे, दफनविधीसुद्धा करता येतो.

"बदललं?"

"हौ, अम्मा."

"कधी?"

फादरांनी खाली ठेवलेली बशी उचलून पुन्हा ठेवली.

"नाही, मला सांगायला कुणी आलं नाही म्हणून विचारते. घोडी विकली असेल, पण बस तर येते ना गावाला." सावित्रीबाई हसल्या, आणि ते हसू लेकीच्या हसण्यासारखं नव्हतं. "दफनभूमी पुढं भरून गेली. जागा पुरेना म्हणून गावानं भिंत पाडून पलीकडं बांधली. आता ती आतच आहे, आमच्या अंबाजींच्या पायापासून हाकेच्या अंतरावर. तिला कुणी आत घेतली नाही, फादर. भिंत सरकली." त्यांनी पदर सावरला. "मिस्सेच्या सुरुवातीला तुम्ही मेलेल्यांची नावं वाचता. येत्या रविवारी तिचं वाचा. शैला. शैला अंबाजी साळवे. मी ठेवलेलं नाव, कुणाला सांगितलं नव्हतं. ते माईकवरून सगळ्यांना ऐकू येऊ दे. एकदा तुम्ही तिला माणूस म्हणा. मग लेकीला मी केस धरून तुमच्यापुढं गुडघ्यावर आणते. हा सावित्रीबाईचा शब्द."

फादर उठले. जाताना त्यांनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "मी त्या बाळाला विसरणार नाही," ते म्हणाले. हो म्हणाले नाहीत, हे बाईंच्या नंतर लक्षात आलं.

तो आठवडा कसा गेला ते शिल्पाला विचारावं. डाळीला मीठ कमी, फरशीला ओल, विकासच्या शर्टाची कॉलर, सगळ्यावर बाईंची जीभ फिरत होती. लेकीला त्यांनी फोन केला नाही आणि लेकीनंही केला नाही. एकदाच मात्र गच्चीवर जाऊन त्यांनी ते कव्हर दोरीवरून काढलं, घडी घातली आणि ट्रंकेत, अंबाजीच्या पटक्यांखाली ठेवलं. का ठेवलं याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. पाप ते पापच होतं. त्या पोरीसाठी जपमाळ ओढायला घेतली तर "नमो मरिये कृपापूर्णे" म्हणता म्हणता डोळ्यांपुढं पोरीचं तोंड येईना, कधी पाहिलंच नव्हतं. मोरीची ओली फरशी यायची, आणि दाराशी भांडत बसलेल्या दोन बायका, आणि भरलेला तांब्या.

रविवारी त्या काळ्या काठांचं पांढरं लुगडं नेसून पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. प्रियदर्शिनी मागून आली, शेजारी बसली, दोघींमध्ये एक पर्स मावेल एवढी जागा ठेवून. चर्च भरलेलं; गेल्या रविवारची बातमी ऐकून शेजारच्या वस्त्यांतूनही माणसं आली होती. फादर माईकजवळ आले आणि नावं वाचू लागले. तेलुगू बाईंना बाजारापुरती येत होती, पण नावाला भाषा लागत नाही. राजम्मा, अंतोनी, चिन्नप्पा, आणखी एक राजम्मा. बाईंनी मान पुढं काढली होती, बहिऱ्या माणसासारखी. नावं संपली. फादरांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, ओळखीनं, जवळजवळ प्रेमानं, आणि म्हणाले, की ही मिस्सा आपण गर्भातच मारल्या गेलेल्या सर्व अजात बाळांसाठीही अर्पण करत आहोत, आणि त्यांच्या मरणाला जे हातभार लावतात त्यांचं मन पालटावं म्हणून.

माना वळल्या. सगळ्या प्रियदर्शिनीकडं वळल्या. सावित्रीबाईंना मात्र आपल्या पोटावर कुणी पाय दिल्यासारखं वाटलं, तिथंच, वाळलेल्या, बंद पडलेल्या जागी. त्यानं शब्द पाळला होता, त्याच्या हिशेबानं. विसरला नव्हता. त्यानं शैलाला उचलली आणि मेलेल्या लेकरांच्या गठ्ठ्यात घातली, आणि तो गठ्ठा उचलून तिच्याच बहिणीच्या अंगावर फेकला. माझी मारलेली नव्हती, बाई मनात म्हणत राहिल्या. माझी मारलेली नव्हती. सतरा वर्षांच्या पोरीचं ते पोट धरलं नाही एवढंच. आणि तिला नाव होतं, गेल्या रविवारीच सांगितलं होतं, तोंड उघडून, जन्मात पहिल्यांदा.

रांग लागली. प्रियदर्शिनी उठली, पदर खोचला. तिच्या दंडाला धरून सावित्रीबाईंनी तिला मागं खेचलं आणि स्वतः पुढं झाल्या. "आई?" "गप्प. तू बोललीस ते पापच बोललीस. माझं मत काही बदललेलं नाही." हे त्या कुजबुजल्या, पण त्यांची कुजबुज चार बाकं ऐकायची. रांग पुढं सरकली. फादरांचा हात वर आला, दोन बोटांत पांढरा प्रसाद, ओठांपासून वीतभर. "क्रीस्तु शरीरमु."

जीभ उठली. सवयीची गुलाम, दातांपर्यंत आली. सावित्रीबाईंनी दात मिटले, ओठ मिटले, आणि ते मिटलेलं तोंड वर करून फादरांकडं बघत राहिल्या. फादर थांबले. "अम्मा," ते हळूच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती. मागं रांग खोळंबली. बाईंनी डोक्यावरचा पदर मागं सारला, विरळ झालेले पांढरे केस उघडे केले आणि डोकं त्यांच्यापुढं वाकवलं, ज्यांचं पहिलं कम्युनियन अजून झालेलं नाही अशा पोरासारखं. तो प्रसाद कितीतरी वेळ हवेतच राहिला. मग पेल्यात पडला, आवाजही झाला नाही, इतका तो हलका. फक्त डोक्यावर हात आला. बाईंनी तो पुरता टेकू दिला आणि मगच बाजूला झाल्या. मागून लेक आली, तिनंही डोकं वाकवलं. काय झालं ते बघायला सावित्रीबाई वळल्या नाहीत.

कोठीच्या चौकात गाडी अडकली, पुस्तकवाले ओरडत होते. प्रियदर्शिनीनं आरशातून आईकडं पाहिलं. "पुढं बघून चालव," सावित्रीबाई म्हणाल्या. "आणि ऐक. आमदार हो, मंत्री हो, मी तुला मत देणार नाही. पोरीला गाडीत घातलीस तर आधी नाव विचारायचं होतंस तिचं. नाव तरी माहीत आहे का तुला?"

"राणी," प्रियदर्शिनी म्हणाली.

सावित्रीबाईंनी मान हलवली. आज बोलायला कसली आडकाठी नव्हती, चौक लांबलचक होता, शिव्याही जागच्या जागी होत्या. पण जीभ आपसूक वर गेली आणि टाळू चाचपू लागली. पहिल्या कम्युनियनपासून या वेळी तिथं काही ना काही असायचं. आता गुळगुळीत होतं. जीभ तिथंच फिरत राहिली, पडलेल्या दाताच्या जागी फिरते तशी, घर येईपर्यंत.